माशांच्या पिलांची उष्टावण

आपल्याकडे मूल सहा महिन्यांचे झाले की त्याची उष्टावण करतात. मामा येतो, वाटीत खीर असते, आणि पहिला घास ओठांशी नेला की बाळ हमखास तोंड वाकडे करते. त्याला कोणी हट्टी म्हणत नाही. आजवर दूध हेच त्याचे अन्न होते. खीरही अन्न आहे, हे त्याला अजून कळायचे असते. काचेच्या पेटीत जन्मलेल्या माशांच्या पिलांची गत अशीच आहे. डबीतले कोरडे खाद्य वर टाकावे, तर ती ढुंकूनही पाहत नाहीत. खाद्य तळाशी बसून कुजते, पाणी बिघडते, आणि चार-सहा दिवसांत पिल्ले एकेक करून मरू लागतात. शाळेत मत्स्यपेटी ठेवणाऱ्या शिक्षकांना हे नवे नाही. मुलांचे हिरमुसलेले चेहरेही त्यांनी पाहिलेले असतात. पिल्ले असे का करतात, आणि माणसाने त्यांना कोरडा घास घ्यायला कसे शिकवले, याचा इतिहास आज पाहू.

तळ्यात हा प्रश्न कधी नव्हताच. चीनमध्ये सुंग राजवटीत, म्हणजे इ. स. ९६० ते १२७९ या काळात, सोनेरी-तांबड्या माशांची हौसेने जोपासना होऊ लागली. ते मासे तळ्यांत होते. तळ्याच्या पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे असंख्य जीव असतात. उड्या मारत पोहणारी पाणपिसू त्यांतलीच एक. पिल्ले त्यांच्यावर वाढत, माणसाला काही करावे लागत नसे. पुढे मिंग राजवटीत, १३६८ ते १६४४ च्या दरम्यान, हे मासे तळ्यातून घरातल्या कुंड्यांत आणि भांड्यांत आले. इथे खरी अडचण सुरू झाली. तळे पिलांना पोसते, भांडे पोसत नाही. मग तळ्यातल्या पाणपिसवा कापडाच्या जाळीने गाळून भांड्यात आणून सोडायच्या, हा उद्योग माणसाच्या मागे लागला. अगदी लहान पिलांना उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून देण्याची रीतही जुनी आहे. पण बलक जरा जास्त झाला की पाणी नासते.

युरोपात काचेच्या पेट्यांचे वेड आले ते एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली लोकांसाठी मत्स्यगृह उघडले, आणि दुसऱ्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक निघाले. १८६९ साली चीनमधले ‘पॅराडाइज’ मासे पॅरिसला पोचले आणि पिएर कार्बोनिए यांनी त्यांची वीण करून दाखविली. मासे पाळणारे वाढले तशी दुकानांत कोरडी खाद्येही आली. वाळवलेल्या पाणपिसवा आल्या. ‘मुंग्यांची अंडी’ आली. ती खरे म्हणजे मुंग्यांचे कोश असत. मोठे मासे हे खात. अंड्यातून नुकती निघालेली पिल्ले मात्र खात नसत.

का बरं खात नसत? याची कारणे तीन. पहिले डोळ्याचे. बहुतेक पिलांच्या लेखी जे हालते ते अन्न. निपचित पडलेली भुकटी त्यांना कचऱ्यासारखी. दुसरे तोंडाचे. कित्येक जातींच्या पिलांचे तोंड इतके बारीक असते की आपल्याला भुगा वाटणारा कण त्यांना धोंड्याएवढा होतो. तिसरे पोटाचे. अनेक जातींच्या पिलांची पचनसंस्था जन्मतः पुरी तयार नसते. ताजा जिवंत जीव त्यांना पचतो, कोरडा कण तोंडात गेला तरी अंगी लागत नाही.

शिवाय वेळ फार थोडा असतो. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पोटाशी बलकाची एक पिशवी असते. ती त्याची शिदोरी. काही दिवसांत ती संपते आणि त्याच सुमारास पिलाने पहिला घास घ्यावा लागतो. नाही घेतला तर पुढे अन्न समोर असूनही खाण्याचे त्राण राहत नाही. फ्रान्समध्ये फाब्र-दोमेर्ग आणि बिएत्री या संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्री माशांच्या पिलांवर काम करताना या नाजूक वेळेकडे लक्ष वेधले. ‘सोल’ माशाच्या वाढीवरचा त्यांचा ग्रंथ १९०५ साली प्रसिद्ध झाला.

मग या घटकेला द्यायचं काय? उत्तर मिठाच्या पाण्यात सापडले. ब्राइन श्रिंप नावाचा कोळंबीच्या दूरच्या गोतातला एक चिमुकला जीव खाऱ्या सरोवरांत आणि मिठागरांत राहतो. त्याची अंडी वाळून धुळीसारखी होतात, वर्षानुवर्षे टिकतात, आणि कोमट खाऱ्या पाण्यात टाकली की दीड दिवसाच्या आत त्यांतून नारिंगी रंगाची, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, वळवळणारी पिल्ले निघतात. अमेरिकेत अल्विन सील यांनी १९३३ साली आणि नॉर्वेत गुन्नार रोलेफसेन यांनी १९३९ साली माशांच्या पिलांना हा चारा चालतो हे प्रसिद्ध केले. मौज पहा, साठवायला हा चारा कोरडा आणि खाताना जिवंत! आपल्या मुंबईतही तो आढळल्याची नोंद सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली केली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

कोरड्या खाद्याचा खरा पालट त्यानंतर झाला. जर्मनीत डॉ. उलरिख बेन्श यांनी १९५५ साली पापुद्र्यांच्या रूपातले तयार खाद्य बाजारात आणले. पापुद्रा पाण्यावर तरंगतो, मऊ होतो आणि गिरक्या घेत हळूहळू खाली येतो. तळ्याकाठी न राहणाऱ्यालाही मासे पाळता येऊ लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण म्हणून पिलांचा स्वभाव बदलला नाही. १९५९ साली हिल्डेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने ‘डिस्कस’ माशाविषयी लिहिले, की त्याची पिल्ले सुरुवातीला आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव टिपून जगतात. अशा पिलाला पहिल्या दिवशी भुकटी दाखवून काय उपयोग?

आपल्या शेतकरी बांधवांना हा प्रश्न पेटीपेक्षा तळ्यात अधिक जवळचा आहे. १९५७ साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी ओरिसात कार्प जातीच्या माशांना पियूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली, आणि मत्स्यबीजासाठी केवळ नदीच्या पुरावर विसंबून राहण्याचे कारण उरले नाही. पण मत्स्यजिरे मिळाले म्हणजे बोटुकली मिळाली असे नव्हे. म्हणून संगोपन तळ्यात आधी शेणखत घालून जिवंत सूक्ष्म चारा वाढवतात, मग जिरे सोडतात, आणि जोडीला शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा बारीक करून देतात. हा क्रम चुकला, तर पेंड तळाशी आणि पिल्ले पाण्यावर, असा प्रकार होतो.

पेटीतल्या पिलांनाही हाच क्रम लागू आहे. पहिले दोन-तीन आठवडे जिवंत चारा द्यावा. ब्राइन श्रिंप नसेल, तर तळ्यातल्या पाणपिसवा कापडातून गाळून त्यांतल्या बारीक तेवढ्या घ्याव्यात. चतुराच्या अळ्या मात्र वेचून टाकाव्यात, त्या पिलांनाच खातात. पिल्ले जोमाने खाऊ लागली की सकाळच्या पहिल्या भुकेला चिमटीत चुरलेली कोरडी भुकटी अगदी थोडी टाकावी, आणि तिच्या पाठोपाठ जिवंत चारा सोडावा. हवेच्या पंपाचे बुडबुडे चालू असले तर भुकटी पाण्यात फिरत राहते आणि फिरते म्हणून खाल्ली जाते. खाण्याच्या धांदलीत काही पिल्ले कोरडा कण गिळतात, काही थुंकून टाकतात. थुंकू द्यावे. उरलेले नळीने काढावे, आणि दररोज कोरडे थोडे वाढवत, जिवंत थोडे कमी करत जावे. उपाशी ठेवले म्हणजे झक्कत खातील, हा हिशेब मोठ्या माशाला एखादे वेळी लागू पडेल. पिलाजवळ तेवढी गंगाजळी नसते. समुद्री माशांच्या बीजोत्पादन केंद्रांतही जिवंत आणि कोरडे काही दिवस जोडीने देऊनच पिलांना कोरड्यावर आणतात.

या साऱ्या इतिहासातून निघते ते एवढेच. पिलू हट्टी नसते. त्याच्या डोळ्याला, तोंडाला आणि पोटाला जे अन्न म्हणून ओळखता येते, तेथून सुरुवात करून माणसाने त्याला एकेक पायरी पुढे न्यायचे असते. शिक्षकांना हे मी वेगळे सांगायला नको. पुढच्या वेळी वर्गातल्या पेटीत पिल्ले दिसली, तर मुलांच्या हाती खाद्याच्या डबीआधी भिंग द्यावे. ब्राइन श्रिंप खाल्लेल्या पिलाचे पोट आरपार नारिंगी दिसते. ते ज्या मुलाने पाहिले, त्याला पिलाच्या पोटात घास गेला की नाही हे ओळखता येईल, आणि डबी केव्हा उघडायची हेही कळेल.