नदीपार गेलेली माणसे

अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टन शहरालगत, ब्रँडीवाईन ही लहानशी नदी वाहते. ऑक्टोबर सरत आला की तिच्या काठचे मेपल आणि ओक तांबूस-पिवळे होतात. हॅगली संग्रहालयाच्या विस्तीर्ण उद्यानातून नदीकाठाने चालू लागले की विरळ झालेल्या पानांतून दगडी इमारती दिसू लागतात. त्यांची बांधणी चमत्कारिक आहे. तीन बाजूंना अतिशय जाड भिंती. नदीकडची चौथी बाजू आणि छप्पर मात्र पूर्वी हलक्या लाकडाचे असे.

या बंदुकीच्या दारूच्या गिरण्या. फ्रान्सहून आलेल्या एल्युथेर इरेने द्यू पाँ यांनी हा कारखाना १८०२ साली स्थापन केला. नदीचे पाणी चाके फिरवी. लोणारी कोळसा विलो वृक्षाचा, गंधक सिसिलीचे, तर सोरा आपल्या हिंदुस्थानातून जाई. ठिणगी उडू नये म्हणून कामगारांच्या पायताणांना लोखंडी खिळे नसत. तरीही स्फोट झालाच, तर त्याचा जोर नदीकडे निघून जावा आणि शेजारची गिरणी वाचावी, हा त्या लाकडी भिंतीचा हेतू. आत उभ्या असलेल्या माणसाला मात्र ती वाचवू शकत नसे. अशा रीतीने मेलेल्याविषयी सोबती म्हणत, ‘तो नदीपार गेला.’

१८१८च्या एकाच दुर्घटनेत तीसहून अधिक जण दगावले. १९२१ साली कारखाना बंद झाला, तोवर २८८ स्फोटांत २२८ बळी गेले होते. मालकांचे घराणेही सुटले नाही. अॅलेक्सिस द्यू पाँ १८५७ साली असेच गेले. कंपनी विधवांना निवृत्तिवेतन देई, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ती करुणा मरणानंतरची होती.

कामगारांत आयरिश कॅथलिकांचा मोठा भरणा होता. गरिबीमुळे मायदेश सोडून आलेल्या या लोकांसाठी १८४१ साली टेकडीवर संत योसेफाचे चर्च उभे राहिले. श्रमिकांचा आणि सुखी मरणाचा हा आश्रयदाता. त्याहून समर्पक नाव कोणते असणार? चर्चलगतच्या दफनभूमीत अनेक कामगार विसावले आहेत.

१८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकातून श्रमिकाच्या प्रतिष्ठेचा कैवार घेतला, तेव्हा या गिरण्या चालूच होत्या. माणूस हे नफ्याचे साधन नव्हे, ही शिकवण त्या तीन भिंतींपुढे उभे राहिल्यावर अधिक खोलवर उमजते. नोव्हेंबरात मृतांसाठी प्रार्थना करताना, कामावर गेले आणि परतले नाहीत अशा सर्वांचे स्मरण आपण करावे.