गुंठा अजून का टिकला?

राज्य बदलले की माप बदलते, असे इतिहासात आपण वाचतो. शिरूर-दौंडच्या मुलखात हिंडताना मात्र मला वाटते, हे अर्धेच खरे आहे. इथे राज्ये गेली आणि मापे मागे राहिली.

शिवकाळी मोजणीची काठी पाच हात पाच मुठींची. वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद एवढ्या जमिनीचा एक बिघा, आणि १२० बिघ्यांचा चावर. पुढे इंग्रजी अंमलात, १८३६च्या सुमारास, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापुरात नव्या रीतीची पाहणी सुरू केली. तीच रीत मग भीमथडीत आणि शिरुरासही पोचली. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस तो गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. बिघा गेला तो गेलाच.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८च्या ऑक्टोबरपासून किलो बाजारात उतरला. शेर आणि मण हळूहळू म्हणींपुरते उरले. पुढे सातबाऱ्यावरही हेक्टर आणि आर आले. मग गुंठाच तेवढा कसा तगला?

त्याचे कारण मोठे मौजेचे आहे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. दोघे जवळजवळ जुळे भाऊ! शेतकऱ्याने कागदावर 'आर' पाहिले आणि तोंडाने 'गुंठा' वाचले. त्याला नवे काही शिकावेच लागले नाही.

पण जुळ्या भावांतही फरक असतो. हेक्टर म्हणजे अडीच एकर, असे आपण सहज म्हणतो. अडीच एकराचे गुंठे होतात १००; हेक्टराचे भरतात ९८.८४. तफावत सुमारे १,२६० चौरस फुटांची, म्हणजे एका बऱ्यापैकी घराच्या जागेची. बाजरीच्या रानात तिची कोणी फिकीर करत नाही. रांजणगावच्या कारखान्यांलगत जिथे जमीन गुंठ्यावर विकली जाते, तिथे मात्र तेवढ्यावरून सख्ख्या भावांचे बोलणे बंद होऊ शकते.

काही मापे लोखंडात ओतलेली असतात. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. रुळांमधले अंतर साडेपाच फूट. आज कागदावर ते १६७६ मिलिमीटर असे लिहितात, पण रूळ काही हलले नाहीत. दौंडला भीमेचा पूर क्युसेकमध्ये मोजतात, धरणातला साठा टीएमसीत, पाऊस मिलिमीटरमध्ये. आणि विहिरीची खोली म्हातारी माणसे अजून परसांत सांगतात. ज्याच्या जुन्या नोंदी ज्या मापात, त्याचे नवे आकडेही त्याच मापात ताडून पाहायला सोपे.

काही ठिकाणी नाव टिकते आणि आतले माप पालटते. पाडव्याला आपण सोने घेतो ते तोळ्यावर. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाकडचा आजचा १० ग्रॅमचा. तेव्हा आजीचे दहा तोळे म्हणजे नातीचे साडेअकराहून अधिक.

म्हणून जुन्या मापांना हसू नये, तशी त्यांच्यावर डोळे मिटून भिस्तही ठेवू नये. वाटणीचा कागद करताना गुंठा आणि आर दोन्ही लिहावेत. शाई थोडी जास्त लागेल, पण बांध शाबूत राहील आणि भाऊबीजही.