फालो चतुष्क व फुप्फुसी झडप
फ्रेंच वैद्य आर्तूर फालो (१८५०–१९११) यांनी १८८८ मध्ये वर्णिलेली जन्मजात हृद्‌विकृती. निलयांमधील पडद्यास छिद्र, फुप्फुस-रोहिणीकडील मार्गाचा संकोच, महारोहिणीचे स्थानांतर व उजव्या निलयाची अतिवृद्धी हे तिचे चार दोष होत. त्यांमुळे बालकाचे ओठ व नखे निळसर दिसतात. बाल्टिमोर येथे १९४४ मध्ये हेलेन टॉसिग, ॲल्फ्रेड ब्लेलॉक व व्हिव्हियन टॉमस यांच्या प्रयत्नांतून हाताकडील रोहिणी फुप्फुस-रोहिणीस जोडण्यात आली. तीमुळे नीलत्व घटले. मूळ दोष मात्र राहिले. ते मिनीआपोलिस येथे वॉल्टन लिलिहाय यांनी १९५४ मध्ये हृदय उघडून दुरुस्त केले.

संकुचित मार्ग रुंद करताना फुप्फुसी झडप अनेकदा कापावी लागे. तीतून रक्त निलयात परत येणे दीर्घकाळ निरुपद्रवी मानले गेले. पुढे हेच रुग्ण प्रौढ झाल्यावर उजवे निलय विस्फारणे, हृत्स्पंदांची अनियमितता व क्वचित आकस्मिक मृत्यू यांच्याशी त्याचा संबंध स्पष्ट झाला. म्हणून झडप शक्यतो राखण्याचे व आवश्यकतेनुसार नवी बसविण्याचे धोरण रूढ झाले. बालपणीची शस्त्रक्रिया जीव वाचविते. पण तिने उपचार संपत नाहीत. हृदयाची तपासणी आजन्म करावी लागते.