किर्लोस्करांचा नांगर

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत ग्रंथांना, सभांना आणि चळवळींना मानाचें स्थान मिळालें आहे. अवजारांना तसें मिळालेलें नाहीं. वास्तविक ज्या देशांत बहुसंख्य लोकांचें पोट जमिनीवर अवलंबून होतें, त्या देशांत शेतकऱ्याच्या हातांतील नांगर बदलला ही घटना एखाद्या कायद्याइतकीच महत्त्वाची मानावयास हवी. लोखंडी नांगर याच भूमींत, येथल्याच माणसांच्या हातून घडविण्याचे जे आरंभींचे प्रयत्न झाले, त्यांत बेळगांवच्या दोघां भावांचा प्रयत्न अग्रगण्य होय. किर्लोस्कर हें नांव पुढें घरोघर परिचित झालें. परंतु त्या नांवाला वजन येण्यापूर्वीचा काळ, म्हणजे १८८८ पासून १९१० पर्यंतचीं बावीस वर्षें, फारशीं कोणाच्या स्मरणांत नसतात. व्यवसायाचा खरा पाया मात्र त्याच वर्षांत घातला गेला.

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं झाला. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गांवचे. लहानपणापासून लक्ष्मणरावांचा ओढा पुस्तकापेक्षां चित्रकलेकडे आणि यंत्रांकडे अधिक होता. १८८५ सालीं ते मुंबईस जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. तेथें कांहीं काळ गेल्यावर असें आढळून आलें कीं त्यांच्या डोळ्यांना कांहीं रंगांतील भेद नीट कळत नाहीं. चित्रकाराला याहून मोठें वैगुण्य तें कोणतें? रंग सुटले, पण रेषा सुटली नाहीं. त्यांनीं यंत्ररेखनाचा अभ्यास केला, आणि नव्यानेंच निघालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांना शिक्षकाची जागा मिळाली. यंत्राचा एकेक भाग कागदावर उतरविणें, त्याचीं मापें घेणें, तो कसा जोडला जातो आणि कशानें झिजतो हें पाहणें, ही दृष्टि त्यांना या नोकरीनें दिली.

याच सुमारास बेळगांवीं सायकलींचें दुकान निघालें. सायकल ही त्या काळीं मोठ्या अधिकाऱ्यांची व श्रीमंतांची चैन होती. लक्ष्मणरावांनीं मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवाव्या आणि त्यांचे वडील बंधु रामचंद्रराव, म्हणजेच रामूअण्णा, यांनीं त्या बेळगांवीं विकाव्या व गिऱ्हाइकांस चालविण्यासही शिकवाव्या, असा हा व्यवहार होता. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ हें नांव या दुकानाला मिळालें, आणि व्यवसायाचा आरंभ १८८८ पासून मोजला जातो तो यामुळेंच. दुकान लहान होतें, पण पुढें या घराण्याच्या उपयोगीं पडलेली श्रमविभागणी तेथेंच ठरली. एका भावानें यंत्राकडे पाहावें, दुसऱ्यानें माणसांकडे आणि हिशेबाकडे पाहावें, आणि एकानें दुसऱ्याच्या कामांत विश्वासानें डोळे मिटावे, अशी ती विभागणी होती.

मुंबईच्या नोकरींत लक्ष्मणरावांना बढतीची न्याय्य आशा होती. ती जागा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली. तेव्हां लक्ष्मणरावांनीं राजीनामा दिला व ते बेळगांवास परतले. सरकारमान्य संस्थेंतील पगाराची नोकरी सोडून पांढरपेशा घरांतील मनुष्यानें लोहारकामासारखा धंदा पत्करावा, ही गोष्ट त्या काळच्या समाजाला रुचण्यासारखी नव्हती. विद्या शिकावी ती खुर्चीसाठीं, हातोडीसाठीं नव्हे, असा सर्वांचा समज होता. लक्ष्मणरावांनीं हातोडी उचलली.

बेळगांवच्या छोट्या कारखान्यांत ज्या वस्तूंवर त्यांनीं प्रथम लक्ष घातलें, त्यांत कडबा कापण्याचें यंत्र होतें. ज्वारीचा कडबा अख्खाच बैलापुढें टाकला तर जनावर पाला खाऊन जाडीं धाटें टाकून देतें. तोच बारीक कापून घातला तर फार थोडा वायां जातो. दुष्काळाच्या मुलखांत वैरणीची ही बचत लहान नव्हती. त्यानंतर त्यांनीं हातीं घेतला तो लोखंडी नांगर.

येथें नांगराविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. आपला परंपरागत लाकडी नांगर जमीन चिरतो, पण उलथीत नाहीं. दख्खनच्या काळ्या जमिनींत तो खोल घालावयाचा तर सहा सहा, आठ आठ बैल जुंपावे लागत, आणि तरीही हरळी व कुंदा यांच्या मुळ्या जमिनींत तशाच राहत. लोखंडी नांगराला फाळाच्या मागें वळणदार पंख असतो. फाळानें कापलेला मातीचा पट्टा या पंखावरून चढतो आणि उलटा होऊन पडतो. त्यामुळें खालची माती वर येऊन तिला ऊन लागतें आणि तणांच्या मुळ्या उघड्या पडून वाळतात. परदेशांतून असे नांगर येत असत. लक्ष्मणरावांना ते येथें, येथल्या बैलांना व जमिनीला मानवतील असे, करावयाचे होते.

परंतु नांगर तयार झाला तरी घेणार कोण? लोखंडानें जमिनीला विष चढतें, अशी शेतकऱ्यांची ठाम समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं असें सांगतात. या गोष्टीचा उल्लेख करून शेतकऱ्यांच्या अज्ञानाला हंसण्याची रीत पडली आहे. ती न्याय्य नाहीं. लाकडी नांगर गांवचा सुतार घडवी, त्याचा लोखंडी फाळ गांवचा लोहार शेवटून देई, आणि दोघांनाही बलुतें म्हणून खळ्यावरचें धान्य मिळे. नांगर मोडला तर तो त्याच दिवशीं गांवांतच दुरुस्त होई. लोखंडी नांगराला रोख रुपये मोजावे लागत, आणि त्याचा फाळ फुटला तर गांवच्या लोहाराजवळ त्यावर इलाज नव्हता. ज्याचें वर्षाचें अन्न चार महिन्यांच्या पावसावर ठरतें, त्यानें ऐन नांगरणींत शहराच्या कारखान्याचें तोंड पाहत बसण्यास नकार दिला, तर त्यांत केवळ भोळेपणा नव्हता. विषाची समजूत खोटी होती, परंतु तिच्या पाठीमागची धास्ती खरी होती.

या धास्तीला व्याख्यानानें उत्तर देतां येण्यासारखें नव्हतें. उत्तर भट्टींतूनच यावयास हवें होतें. ओतीव लोखंड, ज्याला आपण बीड म्हणतों, तें जात्या ठिसूळ असतें. फाळ मऊ राहिला तर तो लवकर झिजतो, आणि फार कठीण झाला तर दगडावर आपटतांच फुटतो. वितळलेल्या रसाला साच्यांत एका बाजूनें लोखंडाची पट्टी लावून चटकन् थंड केलें, तर तेवढाच पृष्ठभाग कठीण होतो व बाकीचा भाग त्या मानानें चिवट राहतो. ऐकतांना ही युक्ति सोपी वाटते. पण लोखंडाची जात, कोळशाची आंच, साच्याच्या वाळूंतील ओल आणि ओतणाऱ्याचा हात यांपैकीं एक जरी चुकलें तरी सगळा घाणा फुकट जातो. शिवाय आज घेतलेल्या नांगराला दोन वर्षांनीं नवा फाळ बरोबर बसला पाहिजे. याकरितां प्रत्येक तुकडा एकाच मापाचा होणें अगत्याचें असतें. यंत्ररेखनाच्या शिक्षकाची विद्या येथें कामास आली.

व्यवसायाला बाळसें येऊं लागलें न लागलें तोंच दुसरें संकट आलें. कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठीं हवी म्हणून बेळगांवच्या नगरपालिकेनें ती सोडावयास सांगितलें. यंत्रें, साचे आणि कामगार घेऊन जावें कोठें? या वेळीं औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि त्यांच्या पाठीशीं उभे राहिले. बाळासाहेब १९०९ सालीं गादीवर आले होते. ते स्वतः चित्रकार असून देशी कलाकौशल्याचे चाहते होते. औंध संस्थान लहान व तुकड्या तुकड्यांनीं विखुरलेलें होतें, आणि त्याचा कुंडल तालुका पुणें-मिरज लोहमार्गावर होता. कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचें कर्ज एवढ्या भांडवलावर मार्च १९१० मध्यें नवी वसाहत सुरू झाली. तीच किर्लोस्करवाडी.

जमीन म्हणजे निवडुंगानें भरलेला आणि सापांनीं गजबजलेला उजाड माळ होता. पाण्याची ओरड होतीच. अशा ठिकाणीं पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह राहावयास आले, हें त्या कामगारांचेंही धैर्य म्हटलें पाहिजे. त्यांच्या नांवांची नोंद इतिहासांत फारशी राहिलेली नाहीं. यंत्रांचा भार शंभूराव जांभेकरांनीं घेतला. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळूं लागले. शाळेंत मन न रमलेले अनंतराव फळणीकर येथें कारागिरींत चमकले. रामूअण्णांनीं रस्ते, घरें आणि पाणी यांची व्यवस्था पाहिली. शिक्षा भोगून आलेल्या दोघांस लक्ष्मणरावांनीं वाडीच्या पहाऱ्यावर नेमलें, आणि हा विश्वास वायां गेला नाहीं. शिवाशीव वाडींत पाळावयाची नाहीं हा दंडकही त्यांनींच घातला. आजूबाजूच्या खेड्यांत या दंडकाबद्दल कुरकुर झाली असल्यास नवल नाहीं. पण साच्यांत रस ओततांना शेजारी कोण उभा आहे हें विचारून काम होत नसतें.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि परदेशी नांगरांची आवक आटली. मागणी किर्लोस्करवाडीकडे वळली. मात्र त्याच युद्धामुळें कच्चें लोखंड आणि दगडी कोळसाही दुर्मिळ झाला. गिऱ्हाईक दारीं उभें आणि भट्टी थंड, अशी ही अडचण होती. अशा वेळीं कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनीं आपल्या संस्थानांतील जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर ओतण्यांत आले. दगडी कोळशाची उणीव लोणारी कोळशावर भागवून पाहण्यांत आली. तोफेचा फाळ झाला ही गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं मालाच्या टंचाईच्या त्या दिवसांत वाडीनें आपलें गिऱ्हाईक राखलें. युद्ध संपून परदेशी माल पुन्हां येऊं लागला, तोंपर्यंत किर्लोस्कर नांगर शेतकऱ्याच्या परिचयाचा झाला होता.

१९२० सालीं ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें छोटें पत्र काढलें. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस द्यावी हा त्याचा मूळ हेतु होता. पुढें त्याचेंच ‘किर्लोस्कर’ मासिक होऊन त्यानें मराठी सुशिक्षित घरांत मानाची जागा मिळविली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेंत यंत्रशास्त्राची पदवी घेऊन १९२६ सालीं परतले. नांगराबरोबर उसाचे चरक, पंप आणि तेलावर चालणारीं इंजिनें होऊं लागलीं. पुढची पायरी ओघानेंच आली. जीं यंत्रें अवजारें घडवितात, तीं यंत्रेंच येथें घडविण्याची ती पायरी होय. लेथ बनविणारा म्हैसूर किर्लोस्कर कारखाना १९४१ सालीं हरिहर येथें निघाला, आणि १९४६ सालीं पुण्यास तेलाच्या इंजिनांचा व बंगळूरला विजेच्या यंत्रांचा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजीं निवर्तले. कुंडल रोड हें स्टेशनचें जुनें नांव जाऊन किर्लोस्करवाडी हेंच नांव तेथें लागलें आहे, आणि वाडींत पंपांचा कारखाना चालू आहे.

या घराण्याची कथा बहुधा एका जिद्दी पुरुषाची कथा म्हणून सांगितली जाते, आणि तींत तथ्य आहेच. तथापि जिद्द म्हणजे भांडवल नव्हे. भावाची साथ, एका लहान संस्थानिकाचा आश्रय, निवडुंगांत येऊन राहणारे पंचवीस कामगार, आणि युद्धानें दिलेली संधि यांवांचून ती माळावरच सुकली असती. आणि या सर्वांच्याही वर एक न्यायाधीश बसला होता. तो म्हणजे दोन वर्षें नांगर न घेणारा शेतकरी. त्याच्या संशयानें कारखान्याला मापांत अचूक, मजबुतींत विश्वासू आणि दुरुस्तीला तत्पर राहणें भाग पाडलें. नांगराचें मोल कारखान्याच्या पाटीवर ठरत नाहीं. तें रानांत, फाळ दगडावर आपटतो त्या क्षणीं ठरतें. किर्लोस्करांनीं ती कसोटी मान्य केली, म्हणून त्यांचा नांगर चालला.