नागपूरच्या हवेचे खुले आकडे

नागपुरात 1958 मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली आणि 1974 मध्ये ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच ‘नीरी’, या नावाने ओळखली जाऊ लागली. 1978 मध्ये नीरीने नागपूरसह दहा शहरांत हवेच्या रासायनिक तपासणीचे जाळे उभारले. तेव्हा एकेक आकडा कष्टाने हाती येई: सल्फर डायऑक्साइडसाठी पाऱ्याच्या क्षाराच्या द्रावणातून तासन्‌तास हवा ओढायची, मग त्यात पॅरारोझॅनिलिन व फॉर्मल्डिहाइड मिसळून उमटणाऱ्या जांभळट रंगाची गडदता प्रकाशमापीवर वाचायची, अशी ही वेस्ट-गेके पद्धत होती. इतक्या मेहनतीचे आकडे छापील अहवालांपुरते उरावेत, ही विज्ञानाची मोठीच हानी होती.

सार्वजनिक पैशातून जमलेली माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण 2012 मध्ये आले. पुढे शासकीय संकेतस्थळावर खुल्या झालेल्या हवेच्या ऐतिहासिक नोंदींत तारीख, ठिकाण आणि वायूंचे प्रमाण यांच्याबरोबर मोजणाऱ्या संस्थेचाही रकाना आहे आणि त्यात नीरीचे नाव आढळते, हे विशेष मोलाचे, कारण आकड्याचे उगमस्थान कळल्याशिवाय त्याची पारख होत नाही. 2012 मध्येच हवेच्या अशा आकड्यांचे विश्लेषण करणाऱ्या ‘ओपनएअर’ या मुक्तस्रोत, म्हणजे ज्याची आज्ञावली कोणालाही वाचता व सुधारता येते अशा, प्रणालीवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाऱ्याच्या नोंदींची जोड दिल्यास, शहराच्या उत्तरेकडील कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या दिशेकडून किती सल्फर डायऑक्साइड येतो, हे तिच्या साहाय्याने महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही तपासता येते.