कंपनीतून वायू गळाला तर? गावाचा आराखडा मागून घ्या

भोपाळ दुर्घटना १९८४ ची. त्यानंतर केंद्रानं १९८९ मध्ये घातक रसायनांचे नियम आणले. ठराविक मर्यादेपेक्षा जास्त घातक साठा असलेल्या कारखान्यासाठी दोन आपत्कालीन आराखडे लागतात. कुंपणाच्या आतला कंपनी करते. बाहेरचा, म्हणजे आपल्या गावाचा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. या बाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून एकदा तरी व्हायलाच हवी. तुमच्या गावात ती कुणी पाहिलीय का? भोंगा वाजला तर तो पाळी सुटल्याचा की गळतीचा, हेच कितीकांना कळत नाही.

धोका काय आणि अशा वेळी काय करायचं, हे आसपासच्या लोकांना आधीच कळवणं नियम १५ प्रमाणे कंपनीवर बंधनकारक आहे. ग्रामसभेत ठराव घ्या, लेखी मागा. वायू सुटलाच तर नाकाला ओला कपडा धरून वाऱ्याला आडवं निघा. वाऱ्याच्या पुढं पळू नका, वायूही तिकडंच येतो.