संदर्भक्षेत्र-जोडणी (विदा आयात)

स्प्रेडशीटमधील नोंदी व्यवसाय-प्रणालीत भरताना एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील नेमक्या नोंदीशी बांधण्याची प्रक्रिया. शीटमध्ये संपर्कव्यक्तीसमोर कंपनीचे केवळ नाव असते. प्रणालीला मात्र त्या कंपनीच्या नोंदीची ओळख (आयडी) लागते. नाव हा कच्चा आधार होय: एकाच नावाच्या दोन कंपन्या असू शकतात.

सेल्सफोर्स या प्रणालीत ही ओळख १५ चिन्हांची असते व तीत इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरे वेगळी मानली जातात. नावावरून ओळख जुळवण्यासाठी वापरले जाणारे एक्सेलचे व्हीलुकअप हे सूत्र हा भेद पाळत नाही. परिणामी संपर्क भलत्याच कंपनीला जोडला जाऊ शकतो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. आयातीतील ही फार घातक चूक, कारण ती महिनोन्महिने दडून राहू शकते. त्याच ओळखीचे १८ चिन्हांचे रूप वापरल्यास ती टळते. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे जुन्या प्रणालीतील ग्राहक क्रमांक ‘बाह्य ओळख’ म्हणून साठवणे व त्यावरच जुळणी करणे. ग्राहक क्रमांकाचा स्तंभ मजकूर-स्वरूपात ठेवावा, अन्यथा एक्सेल आरंभीची शून्ये गाळते. जोडणीसाठी कंपनीची नोंद आधीच असावी लागते, म्हणून कंपन्या आधी भराव्यात, संपर्क नंतर. ओडू या प्रणालीत नाव, बाह्य ओळख किंवा डेटाबेसमधील क्रमांक यांपैकी कशावर जुळवायचे, हे स्तंभागणिक ठरवता येते.